संकरित गाय, भातशेती आणि आपला पाऊस: मुरबाडच्या गोठ्यातून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं

तुम्ही कोण, आणि हे लिहिताय कशाला?

मुरबाड तालुक्यात आमचं अडीच एकर भात आहे, कापणी झाली की ओलीवर वाल नि हरभरा, विहिरीजवळ थोडी भेंडी-काकडी, परसात कोंबड्या आणि गोठ्यात लहानमोठी पाच जनावरं. दूध मी सकाळी बाईकवर बदलापूरला सोसायट्यांमध्ये टाकतो, गोठा खरा आईच्या ताब्यात आहे. शहापूर, भिवंडी, अंबरनाथकडचे पाव्हणे आणि त्यांचे पाव्हणे फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदा लिहून टाकतोय, आता लिंक पाठवली की झालं. मी डॉक्टर नाही. आजारी जनावराचा फोटो मला पाठवू नका, १९६२ ला फोन लावा, फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा तो टोल फ्री नंबर आहे.

संकरित म्हणजे जर्सीच ना?

नाही. आपल्याकडे शिंगं बारीक आणि वशिंड नाही अशी कुठलीही गाय दिसली की लोक "जर्सी" म्हणतात, काळीपांढरी एचएफ असली तरी जर्सीच. जर्सी ही परदेशी जात, एचएफ म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन ही दुसरी परदेशी जात. यातल्या एकीच्या वळूची कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, आपल्या देशी गाईला भरली की जे वासरू होतं ते संकरित. बाजारात "प्युअर जर्सी" म्हणून जी दाखवतात ती बहुतेक वेळा संकरितच असते, फक्त किती पिढ्यांची ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आमच्याकडे एक गावठी गाय आहे, तिला भरवून संकरित कालवड करू का? जर्सी लावू की एचएफ?

गावठी म्हणजे खरंच कुठल्याच जातीत न बसणारी असेल तर करा. पण ती डांगी किंवा कोकण कपिला असेल तर थांबा, त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

आता जर्सी की एचएफ. आपल्या कोकणपट्टीत, त्यातून लहान शेतकऱ्याने, जर्सी. माझं ठाम मत आहे आणि ते मी किंमत मोजून बनवलंय. आपली गावठी गाय अंगाने लहान, दोन-अडीचशे किलोची. २०१६ साली मी हौसेने तिला एचएफची कांडी भरवली, भरणारा नको म्हणत होता तरी मीच ऐकलं नाही, जास्त दूध डोळ्यापुढे होतं. नऊ महिन्यांनी पोटात एवढं थोरलं वासरू की गाय अडली, रात्री साडेअकराला डॉक्टर शोधत फिरलो, वासरू मेलेलं निघालं आणि गाय पुढे दोन महिने नीट उभी राहात नव्हती. आई अजून ते काढते बोलण्यात. जर्सीचं वासरू लहान असतं, साधारण वीस-बावीस किलोचं, लहान गाईला झेपतं. जर्सी स्वतः अंगाने आटोपशीर, खायला कमी मागते, उष्णता एचएफपेक्षा बरी सोसते आणि दुधाला फॅट चांगली. जास्त पावसाच्या आणि डोंगराळ भागाला जर्सी, वैरणपाण्याची सोय असलेल्या सपाट भागाला एचएफ, असंच साधारण धोरण देशभर आहे.

हा टक्का टक्का म्हणतात तो काय असतो?

टक्का म्हणजे जनावरात परदेशी रक्त किती ते. वासराचा टक्का म्हणजे आईच्या आणि बापाच्या टक्क्याची सरासरी, बास. गावठी गाय शून्य, शुद्ध जर्सी शंभर, म्हणून वासरू ५०. त्या ५० वालीला परत शुद्ध जर्सी भरली तर ७५. तिला परत भरली तर ८७.५. आणि ७५ वालीला ५० टक्के असलेल्या संकरित वळूची कांडी भरली तर ६२.५. एवढं गणित आलं की एआयवाला, म्हणजे कृत्रिम रेतन करणारा, काय भरतोय ते आपल्याला कळतं.

पहिली कालवड एकदम भारी निघाली, आठ लिटर देते. आता तिलाही जर्सी भरवली तर बारा देईल ना?

हा खरा प्रश्न आहे आणि इथेच सगळे फसतात, मीही फसलो.

पहिल्या पिढीची ५० टक्केवाली जी भारी निघते ना, त्यात नुसतं जर्सीचं दूध नसतं. दोन एकमेकांपासून लांबच्या जाती एकत्र आल्या की पहिल्या पिढीत एक जादा ताकद येते, पुस्तकात त्याला संकरजोम म्हणतात. लवकर माजावर येते, वेळेत गाभण राहते, आजारपण कमी, वासरं जगतात. हा जोम पहिल्या पिढीत पूर्ण असतो. पुढच्या पिढीत परत शुद्ध जर्सी भरा नाहीतर ५०-५० च्या वळूची कांडी भरा, जोम निम्म्यावर येतो. म्हणजे ७५ टक्केवाली कागदावर जास्त दुधाची, पण अंगातला काटकपणा कमी झालेला, गोचीड तापाला लवकर बळी पडणारी आणि खायला मात्र पूर्ण मागणारी. तिचं दूध वाढतं ते चारा, पेंड, सावली, औषध सगळं वाढवलं तर. आपण चारा तोच ठेवतो, पेंढा आणि वर मूठभर पेंड, आणि टक्का वाढवतो. मग सात लिटर निघालं की "कांडीच खराब होती" म्हणतो.

म्हणून माझं म्हणणं: आपल्यासारख्याने ५० ते ६२.५ च्या मध्ये कुठेतरी थांबायचं. हे मी घरी बसून ठरवलेलं नाही, ज्यांनी मोठ्या प्रमाणावर हे केलं तेही तिथेच येऊन थांबलेत. फौजेच्या डेअऱ्यांवर तयार झालेली फ्रीजवाल गाय ६२.५ टक्के होल्स्टिन आणि बाकी साहिवाल. ब्राझीलवाल्यांनी आपल्याकडून नेलेल्या गिरपासून गिरोलांडो केली, तीसुद्धा आठातले पाच भाग होल्स्टिन आणि तीन भाग गिर. त्यांच्याकडे जमीन, चारा, पैसा सगळं असून त्यांनी देशी रक्त पुसून टाकलं नाही, आणि आपण दोन पिढ्यांत पुसायला निघतो.

मग दुसऱ्या पिढीला नक्की काय भरवायचं?

दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे जर्सी क्रॉस वळूची कांडी मागायची, टक्का ५० च्या आसपास राहतो. वासरं एकसारखी निघत नाहीत, एक आईवर, एक बापावर, एक भलतंच, पण सांभाळता येतात.

दुसरा रस्ता आलटूनपालटून. पहिल्यांदा जर्सी, त्या कालवडीला गिर किंवा साहिवाल, तिच्या कालवडीला परत जर्सी. टक्का ५०, मग २५, मग ६२.५ असा वरखाली होत पुढे साधारण एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश यांच्यामध्ये झुलत राहतो आणि जोम दोन तृतीयांश टिकतो, जो पहिल्या रस्त्यापेक्षा जास्त आहे. पण गिरची पाळी आली की त्या पिढीला दूध कमी होतं आणि घरातले लोक तुम्हाला नावं ठेवतात. आणि वही पाहिजे. कुठल्या गाईला कधी काय भरलं याची वही नसेल तर हा रस्ता धरूच नका, तिसऱ्या पिढीला कुणालाच काही आठवत नाही.

आम्ही दोन गाईंवर सोपा रस्ता आणि एकीवर आलटूनपालटून चालवतोय, वही आईकडे, शाळेची जुनी हजेरीची वही आहे.

राहुरीची फुले त्रिवेणी फार ऐकलंय, ती आपल्याकडे चालेल का?

त्रिवेणी चांगलीच गाय आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गिर, जर्सी आणि होल्स्टिन अशा तीन जातींतून तयार केलीय. पण हिशोब बघा: होल्स्टिन ५०, जर्सी २५, गिर २५. म्हणजे परदेशी रक्त ७५ टक्के झालं. ती घडली नगरच्या कोरड्या हवेत, बागायती चाऱ्यावर. तुमच्याकडे बारमाही पाणी, नेपियर गवताचे प्लॉट आणि हवेशीर गोठा असेल, भिवंडी-कल्याणकडे काहींचे आहेत तसे, तर जरूर बघा. माझ्यासारख्याच्या गोठ्यात ती जून ते सप्टेंबर नुसती आजारी पडेल.

कालवड वाढवायला तीन वर्षं कोण थांबणार? घाटावरून तयार गाय आणली तर?

आणतात लोक. आळेफाटा, लोणी, काष्टी इथल्या बाजारातून गाडी भरते आणि माळशेज उतरून खाली येते. वीस लिटरची म्हणून घेतलेली गाय इथे महिन्याभरात बारावर येते आणि मग भांडणं. घेणाऱ्याला वाटतं फसवलं, पण बरेचदा फसवलेलं नसतंच. वर तिला ऊस-मका-लसूणघास-मुरघास मिळत होता आणि हवा कोरडी. खाली घाम वाळत नाही इतका दमट, चारा वेगळा, पाणी वेगळं, गोचीड वेगळे.

आणायचीच तर पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरला आणा, म्हणजे उन्हाळा यायच्या आत ती रुळते. एचएफचा टक्का जास्त असलेली नको. दोन वेळची धार स्वतः समोर काढून बघा, आदल्या धारेचं दूध तुंबवलेलं असतं. ब्रुसेलाची, म्हणजे गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची, रक्ततपासणी करून घ्या, आणि आणल्यावर पंधरावीस दिवस आपल्या जनावरांपासून वेगळी बांधा. जागा नाही म्हणू नका, मांडवाखाली बांधा.

दूध किती आणि खर्च किती, सरळ आकडा सांगा.

दुधाचा आकडा सांगतो, पैशाचा ज्याने त्याने काढावा कारण पेंडेचा भाव दर महिन्याला बदलतो.

आमच्याकडची ५० टक्के जर्सी ताज्या वेतात आठ-नऊ लिटर देते, पुढे उतरत जाते, सरासरी सहा धरा. गावठी दोन लिटरवर होती. खाण्याचा ठोकताळा असा की जगण्यासाठी दीड किलो खुराक आणि वर दर अडीच लिटर दुधाला एक किलो. म्हणजे आठ लिटरला पावणेपाच किलो. पंधरा लिटरच्या एचएफला साडेसात किलो आणि तिचं अंग मोठं म्हणून वर थोडं आणखी. शिवाय मिनरल मिक्श्चर रोज ५० ग्रॅम, ते लोक सगळ्यात आधी बंद करतात आणि मग गाय माजावर येत नाही म्हणून रडतात.

आता पेंढ्याचा हिशोब, हा कुणी करतच नाही. गाईला दिवसाला सहा किलो सुकी वैरण धरली तर वर्षाला २१९० किलो, सव्वादोन टन म्हणा. आमच्या शेतात एकरी जेवढं भात तेवढाच साधारण पेंढा निघतो, दहाबारा क्विंटल. म्हणजे एका गाईला दोन एकराचा पेंढा लागतो! माझ्या अडीच एकरात हिशोबाने सव्वा गाय बसते आणि मी पाच जनावरं बांधलीत, बाकीचं गवत विकत. आपल्या भागात माळरानाचं गवत कापून गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जातं, त्यातलंच आम्ही दिवाळीनंतर स्वस्त असताना भरून ठेवतो.

नुसत्या पेंढ्यावर संकरित गाय चालेल का?

नाही चालणार. भाताच्या पेंढ्यात प्रोटीन तीनचार टक्के, पोट भरतं पण दूध होत नाही. दोन गोष्टी करा. एक, युरिया प्रक्रिया: १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, दाबून प्लास्टिकने हवाबंद करायचं, २१ दिवसांनी उघडायचं आणि थोडा वेळ हवेवर ठेवून मग घालायचं. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागता कामा नये, विषबाधा होते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा पेंढा द्यायचा नाही. दोन, विहिरीजवळ पाच गुंठे तरी नेपियर लावा, शेणपाणी नीट मिळालं तर एका गाईचं रोजचं हिरवं बऱ्यापैकी भागतं. बांधाला शेवरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावा. वालाचा भुसा फेकू नका, पेंढ्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

अझोला, ते पाण्यावर वाढवायचं हिरवं खाद्य? केला होता. दोन महिने. पुढे बेडकं झाली.

गाय माजावर आलीये हे कसं कळतं आणि कांडी कधी भरायची?

काचेसारखा पारदर्शक सोट लोंबतो, गाय हंबरते, दूध चोरते, दुसऱ्या जनावरावर चढते, आणि पक्की खूण म्हणजे दुसरं चढलं तर शांत उभी राहते. सकाळी दिसली तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज बारा ते अठरा तास टिकतो, आणि गाभण राहिली नाही तर साधारण २१ दिवसांनी परत येतो. उन्हाळ्यात मुका माज असतो, दिवसभर काहीच दाखवत नाही, म्हणून रात्री झोपायच्या आधी एक फेरी गोठ्यात मारायची, थंडाव्याला खुणा दिसतात.

भरणारा माणूस आला की काय बघायचं?

कांडी. तिच्यावर जात आणि वळूचा नंबर छापलेला असतो, तो वहीत उतरवा, फोटो काढा तरी चालेल. "जर्सीच आहे हो" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला असते, बाहेर काढल्यावर ३७ डिग्रीच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवून मग भरायची. बगलेत, खिशात गरम करणारा असेल तर पुढच्या वेळी दुसरा बोलवा. तोच वळूनंबर तीन वर्षांनी तिच्या मुलीला भरू देऊ नका, बाप-लेक होईल. नंबर वहीत हवा तो याचसाठी.

कानातला पिवळा बिल्ला, बारा आकड्यांचा, तो काढू नका. विमा, सरकारी नोंद, लस सगळं त्याच नंबरावर चालतं.

तीन वेळा भरली तरी उलटतेय, गाभणच राहत नाही.

दोन-तीन कांड्या लागणं नॉर्मल आहे. तीनच्या पुढे गेलं तर डॉक्टरांना गर्भाशय तपासू द्या, सोटात पांढरेपणा आहे का बघा, जंताचं औषध आणि मिनरल मिक्श्चर चालू आहे का बघा. गाय हडकुळी असेल तर कांडी वाया घालवू नका, आधी अंग धरू द्या. एक शंका गावातल्या मोकाट वळूचीही घ्या. भात निघालं की आपल्याकडे ढोरं मोकळी सोडतात, तेव्हा कोण कुणाला लागलं पत्ता नसतो, आणि तुम्ही वहीत जर्सी लिहून बसता. आमच्या एका "जर्सी" कालवडीला वशिंड आलं तेव्हा कळलं.

गोऱ्हा झाला तर काय करायचं?

कुणी तोंडावर बोलत नाही पण हाच सगळ्यात मोठा प्रॉब्लेम आहे. गावठी गोऱ्हा बैल व्हायचा, चिखलणीला जुंपायचा, पौषातल्या म्हसा गावच्या जत्रेत विकला जायचा. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही त्यामुळे जू नीट बसत नाही, आणि उन्हात धापा टाकतो. नांगराला आता पॉवर टिलर आलाय तो वेगळा. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हणजे विकत घेणारं कुणी नाही. मग कुणी रात्री हायवेला नेऊन सोडतं. करू नका असं. तुमचा गोऱ्हा तिथे ट्रकखाली जातो, नाहीतर दुसऱ्याच्या भातात.

उपाय एकच खरा वाटतो, सेक्स्ड सिमेन म्हणजे लिंगनिर्धारित कांडी, शंभरातली साधारण नव्वद वासरं कालवडी. गाभण राहायचं प्रमाण थोडं कमी असतं, म्हणून ती तरुण, तब्येतीने चांगल्या कालवडीलाच भरा, उलटणाऱ्या म्हाताऱ्या गाईला नको. सरकारी अनुदानातून मिळते का ते दवाखान्यात विचारा.

पावसात गाय सारखी आजारी पडते, काय करू?

आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, गोठा ओलाच. त्यातली तीन दुखणी महत्त्वाची.

पहिलं गोचीड ताप, म्हणजे थायलेरिया. संकरित जनावराला हा देशीपेक्षा जास्त होतो आणि जास्त जोरात होतो, टक्का वाढेल तसा जास्त. ताप १०५ पर्यंत, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या पडतात. दोन दिवस घरगुती उपाय करत बसलात तर गाय हातची जाते. आमची ७५ टक्केवाली अशीच गेली, २०१९ चा श्रावण होता, मी म्हटलं सर्दी असेल. यावर इंजेक्शन आहे आणि लवकर दिलं तर वाचते. गोचीड मारायचं औषध अंगावर मारून भागत नाही, भिंतीच्या भेगांत अंडी असतात, भेगा लिंपा, फ्लेमगन फिरवा.

दुसरं दगडी, म्हणजे कास सुजणं. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास उघडं असतं, तेवढा वेळ गाय ओल्यात बसू देऊ नका. धार झाली की लगेच पुढ्यात वैरण टाका, आपोआप उभी राहते.

तिसरं खूर सडणं. गोठ्याला उतार द्या, बाकी सगळं त्यानंतर.

लसी पावसाच्या आधी घ्या: घटसर्प, फऱ्या. लाळ्या-खुरकुत वर्षातून दोनदा. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना ब्रुसेलाची, आयुष्यात एकदाच. २०२२ ला लम्पी आला तेव्हा लस घ्यायला लोक धावले, एरवी गाडी आली की गोठ्याला कुलूप.

ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये धापा टाकते.

पंख्यापेक्षा आधी पत्रा बघा. सिमेंटच्या किंवा लोखंडी पत्र्यावर पेंढा टाका किंवा पांढरा चुना मारा, फरक लगेच कळतो. भिंत काढून टाका, अर्धी तरी. पाणी चोवीस तास समोर. वैरण पहाटे आणि रात्री जास्त, दुपारी नाही. नुसतं पाणी मारून बंद गोठ्यात ठेवलंत तर दमटपणा वाढून उलट त्रास, पाणी मारलं तर वारा हवाच.

गाय कोणत्या महिन्यात व्यायलेली बरी?

जमलं तर ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. पाऊस संपलेला, नवा पेंढा आलेला, वासराला थंडी सोसते. त्यासाठी जानेवारीअखेर ते मार्चमध्ये भरवावी लागते, नऊ महिने नऊ दिवस धरा. अडचण एवढीच की तेव्हाच भातकापणी असते आणि गाय नेमकी मळणीच्या दिवशी व्यायला बसते. जुलैत आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी व्यायलेली मात्र सगळ्यात वाईट, ओल, चिखल, आणि घरातलं माणूस न् माणूस शेतात. व्यायच्या आधी दोन महिने आटवा, शेवटपर्यंत पिळत राहू नका.

सोसायटीतले लोक ए-टू दूध आहे का विचारतात, काय सांगू?

खरं सांगा, संकरित आहे. ए-वन ए-टू हा दुधातल्या एका प्रोटीनच्या प्रकारातला फरक आहे, देशी गाईत बहुतेक ए-टू असतं, जर्सी-एचएफमध्ये दोन्ही सापडतात, त्यामुळे आपल्या गाईचं टेस्ट केल्याशिवाय सांगता येत नाही. पाकिटांवर असे दावे लिहावेत की नाही यावर ऑगस्ट २०२४ मध्ये फूड सेफ्टीवाल्यांनी आधी मनाई केली आणि काही दिवसांत ती मागे घेतली, मग आपण कशाला त्यात पडा. मी सांगतो, दूध सकाळी पाचला काढलंय, पाणी घातलेलं नाही, साय बघून घ्या. जर्सीच्या दुधावर साय चांगली येते म्हणून चाललंय. एचएफचं पातळ दूध ठाणे-कल्याणच्या म्हशीच्या दुधाला सवकलेल्या लोकांना "पाणी घातलंय" असंच वाटतं, तिथे तुम्ही कितीही शपथा घ्या.

मग सरळ म्हैसच बरी नाही का?

दूध विकायला बरी. खायला घालावं लागतं आणि डुंबायला पाणी लागतं, पैसा जास्त अडकतो, आणि भाकडकाळ लांबतो. मला जमलं नाही, ज्यांना जमतं ते माझ्यापेक्षा चांगले कमावतात.

आमच्याकडे डांगी / कोकण कपिला आहे, तिचा संकर करू का?

नको. या नोंदणी झालेल्या आपल्या जाती आहेत, त्यांना त्यांच्याच जातीचा वळू लावायचा. डांगीचं अंग तेलकट असतं, इगतपुरी-अकोले भागातल्या पावसात ती उभी भिजत चरते. कोकण कपिला लहानखुरी, दोन-अडीच लिटरच देते, पण डोंगरावर चरून येते आणि तुमच्याकडून जवळपास काही मागत नाही. आणि एक साधी गोष्ट लक्षात घ्या, ती पहिल्या पिढीची भारी कालवड करायला प्रत्येक वेळी देशी आईच लागते. सगळ्या गावाने सगळ्या गाई भरवून टाकल्या तर पुढे ५० टक्केवाली आणणार कुठून? आमच्या पाड्यावर आता निखळ देशी गाई बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. आम्ही एक राखलीय. दूध फक्त चहापुरतं देते.

वासरू जगत नाही.

चीक. जन्मल्यावर तासाभरात पाजा, जार पडायची वाट बघू नका, आपल्याकडे ही खोड फार आहे. पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्के चीक पोटात गेला पाहिजे, वीस किलोचं वासरू असेल तर दोन लिटर. नाळेला आयोडीन लावा. दहाव्या-पंधराव्या दिवशी जंताचं औषध डॉक्टरांना विचारून. कालवडीला पहिल्यांदा भरवताना वय बघू नका, वजन बघा, जर्सी क्रॉस सव्वादोनशे किलोच्या पुढे गेल्यावरच.

सरकारी योजना आहे का काही?

पशुसंवर्धनची नाविन्यपूर्ण योजना आहे, दुधाळ जनावरांचा गट मिळतो, सर्वसाधारणला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के अनुदान. ऑनलाइन फॉर्म भरायचा. आधी वैरणीची सोय करा आणि मग फॉर्म भरा, उलटं करून गाय तीन महिन्यांत विकलेली माणसं मी बघितलीत.

तुमच्याकडची एखादी ५० टक्केवाली कालवड विकायची आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नाहीये विकायची. गोऱ्हे आहेत दोन, हवे असतील तर टेम्पो घेऊन या, फुकट देतो, वर चहा पाजतो.